पिरोश्की म्हणजे काय? रशियात शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी असलेला हा पदार्थ सोनपेठच्या कढईत कसा कराल?

सोनपेठमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा मॉस्कोत सायंकाळचे सात वाजलेले असतात. मराठवाड्यातल्या ज्या घरांतली मुले वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेली आहेत, त्या घरांत ही व्हिडिओ कॉलची वेळ. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जेवलास का?’ आणि कॉलेज सुटल्यावर घाईत काहीतरी खाऊन आलेल्या मुलाच्या उत्तरात एक शब्द हमखास येतो: पिरोश्की.

हा शब्द ऐकून इकडे आईला फारसे काही कळत नाही. समोसा म्हणावा तर तसा नाही, पाव म्हणावा तर आत सारण आहे. त्यात खरी काळजी वेगळीच असते. हा पदार्थ चारी बाजूंनी बंद असतो, म्हणजे आत बटाटा आहे की मांस, हे बाहेरून दिसत नाही. शाकाहारी घरातल्या किंवा ठराविक मांस वर्ज्य असलेल्या घरातल्या मुलासाठी हा साधा प्रश्न नाही.

म्हणूनच पिरोश्की म्हणजे नेमके काय, ती ओव्हन नसलेल्या घरात कशी करायची आणि रशियात विकत घेताना आतले सारण कसे ओळखायचे, हे सविस्तर जाणून घेऊया.

पिरोश्की म्हणजे नेमके काय?

यीस्ट घालून फुगवलेल्या मऊ पिठात सारण भरून तळलेला किंवा भाजलेला, तळहातावर मावेल एवढा पदार्थ म्हणजे पिरोश्की. रशियन भाषेत ‘पिरोग’ म्हणजे ताटभर आकाराचा, कापून वाटायचा मोठा भरलेला पाव. त्याचे छोटे रूप म्हणजे ‘पिरोझोक’ आणि ‘पिरोश्की’ हे त्याचे अनेकवचन. म्हणजे एक असेल तर पिरोझोक, दोन असतील तर पिरोश्की. या शब्दांचे मूळ ‘पीर’ या शब्दात सांगितले जाते. त्याचा अर्थ मेजवानी.

लहान मुलांना हा पदार्थ वेगळ्या वाटेने ओळखीचा आहे. मोबाइलवर मुले जी ‘माशा आणि अस्वल’ मालिका बघतात, तिच्यातली जोडी एका जुन्या रशियन लोककथेतून आली आहे. त्या कथेत जंगलात अडकलेली माशा पिरोश्की करते, अस्वलाला म्हणते, ‘एवढी टोपली माझ्या आजी-आजोबांना नेऊन दे’ आणि स्वतःच टोपलीत लपून घरी पोहोचते. वाटेत अस्वल एखादी पिरोश्की खायला बसले की ती आतूनच त्याला दटावते. तीच ही पिरोश्की.

करंजी, समोसा आणि पिरोश्की यांत फरक काय?

करंजी आणि समोसा यांचे पीठ घट्ट असते, त्यात मोहन असते आणि ते फुगू द्यायचे नसते. पारी जितकी खुसखुशीत तितके कौतुक. पिरोश्कीचे पीठ याच्या उलट असते. सैल, लवचिक, आंबवलेले. तळल्यावर बाहेरून पातळ तांबूस साल आणि आत पावासारखी जाळी.

आणखी एक गल्लत नेहमी होते. पोलंडचा ‘पिएरोगी’ नावाने सारखा वाटतो, पण तो पाण्यात उकडतात आणि त्याच्या पिठात यीस्ट नसते. दोन्ही पदार्थ वेगळे आहेत.

आंबवलेल्या पिठाचे मराठवाड्याला नवल नाही. इकडच्या बोलीत ‘खमीर’ हा शब्द आहे आणि छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियातला नान खमिराच्याच पिठाचा. पिरोश्की म्हणजे तेच खमिराचे पीठ, फक्त पोटात सारण घेतलेले.

पीठ फुगते ते कशामुळे?

यीस्ट ही सजीव बुरशी आहे. पिठातली साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते तिंबले की ग्लुटेनचे जाळे तयार होते. हे जाळे फुग्याच्या रबरासारखे काम करते आणि वायू आत धरून ठेवते. त्यामुळे तिंबणे कमी पडले की पीठ फुगत नाही, वायू निसटून जातो.

यीस्टला २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. ५५ ते ६० अंशांच्या पुढे ती मरते. घरी पहिल्यांदा करताना पीठ फुगले नाही, तर बहुतेक वेळा दूध जास्त गरम झालेले असते. थर्मामीटरची गरज नाही. दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघा. तान्ह्या बाळाला पाजण्याइतके कोमट वाटले तरच यीस्ट घाला.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून नुसत्या ज्वारीची पिरोश्की फुगत नाही. चव हवी असेल तर एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शापर्यंतच ज्वारी मिसळा. मैदा नको असेल तर निम्मा मैदा आणि निम्मी चाळलेली कणीक चालते. मात्र कणकेतला कोंडा पाणी जास्त ओढतो, त्यामुळे दोन-तीन चमचे दूध वाढवावे लागते.

साहित्य काय लागेल? (साधारण १६ नग)

• मैदा किंवा मैदा-कणीक: ५०० ग्रॅम (अंदाजे ४ कप)
• कोमट दूध: २५० मिली
• इन्स्टंट ड्राय यीस्ट: ७ ग्रॅम (सपाट २ छोटे चमचे)
• साखर: २५ ग्रॅम (२ मोठे चमचे)
• मीठ: ८ ग्रॅम (दीड छोटा चमचा)
• तेल किंवा वितळलेले लोणी: ५० ग्रॅम
• अंडे: १ (नको असेल तर ३-४ मोठे चमचे जास्तीचे दूध)
• तळण्यासाठी तेल

केकचे सामान मिळणाऱ्या दुकानात ड्राय यीस्ट मिळते. पाकीट जुने असण्याची शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि यीस्ट टाकून दहा मिनिटे थांबा. वर फेस आला तर ठीक, नाही तर पीठ वाया घालवू नका. उघडलेले पाकीट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

सारण कोणते भराल?

रशियात सर्वांत घरगुती सारणे म्हणजे बटाटा, कोबी, पातीचा कांदा-अंडे, मशरूम आणि खिमा. गोडात सफरचंद, मुरंबा किंवा ‘त्वोरोग’ नावाचा छन्यासारखा पदार्थ. यातली तीन सोनपेठच्या आठवडी बाजारातून घेतलेल्या भाजीत सहज होतात.

बटाटा-शेपू: अर्धा किलो बटाटे उकडून कुस्करा. दोन कांदे बारीक चिरून मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परता. मीठ, मिरपूड आणि मूठभर बारीक चिरलेला शेपू घाला. इथे शेपूला पर्याय नाही. रशियन स्वयंपाकात कोथिंबिरीची जागा शेपूने घेतली आहे. तिकडे त्याला ‘उक्रोप’ म्हणतात आणि सूप, सॅलड, बटाटा अशा सगळ्यांवर तो भुरभुरतात. आपल्याकडच्या शेपूचा वास जरा उग्र असतो, म्हणून बेताने घाला. घरात शेपूची भाजी बघून नाक मुरडणारी मुले हे सारण खातात का, ते करून बघण्यासारखे आहे.

कोबी: अर्धा किलो कोबी अगदी बारीक चिरा. थोड्या तेलावर कांदा, किसलेले गाजर आणि कोबी परतून पाणी पूर्ण आटू द्या. अंडे चालत असेल तर दोन उकडलेली अंडी चिरून मिसळा.

पातीचा कांदा-अंडे: चार उकडलेली अंडी आणि जुडीभर पातीचा कांदा बारीक चिरा. मीठ आणि चमचाभर लोणी घाला. पात शिजवायची नाही.

खिमा भरायचा असेल तर तो आधी पूर्ण शिजवून, कोरडा करून घ्या. पिरोश्की कढईत काही मिनिटेच असते. तेवढ्या वेळात आतले कच्चे मांस शिजेलच याची खात्री नसते.

सर्व सारणांसाठी दोन नियम. पहिला, सारण कोरडे हवे. दुसरा, ते पूर्ण गार हवे. गरम सारणाची वाफ पिठाला ओले करते आणि तळताना शिवण उघडते.

कृती: पायरी पायरीने

१. परातीत पीठ, साखर आणि यीस्ट एकत्र करा. मीठ एका बाजूला घाला. कोमट दूध आणि फेटलेले अंडे घालून पीठ भिजवा.

२. तेल थोडे थोडे घालत दहा मिनिटे तिंबा. सुरुवातीला पीठ हाताला चिकटेल. तेव्हा कोरडे पीठ टाकण्याचा मोह टाळा. पीठ घट्ट झाले की पिरोश्की पावाऐवजी भाकरीसारखी दडस होते. तिंबत गेले की चिकटपणा आपोआप कमी होतो.

३. तेलाचा हात लावून उंडा पातेल्यात ठेवा, ओले फडके झाका. दुप्पट होईपर्यंत थांबा. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. ओले बोट पिठात टोचा. खळगा हळूहळू अर्धाच भरून आला तर पीठ तयार आहे. लगेच भरला तर अजून वेळ द्या. पीठच खाली बसले तर उशीर झाला.

४. पिठातली हवा हलक्या हाताने काढा. ५५ ग्रॅमचे, म्हणजे मोठ्या लिंबाएवढे, १६ गोळे करा. झाकून दहा मिनिटे ठेवा. पीठ सैलावते आणि लाटताना मागे ओढत नाही.

५. हाताने थापून किंवा लाटून पुरीएवढी पारी करा. कडा पातळ, मध्य जाड ठेवा. मध्ये मोठा चमचाभर सारण ठेवून करंजीसारखे दुमडा आणि कडा घट्ट चिमटा. ज्या हातांना करंजीची मुरड घालायची सवय आहे त्यांना इथे काहीच शिकावे लागत नाही. फरक एवढाच की करंजीची मुरड दाखवायची असते, पिरोश्कीची शिवण खाली लपवायची असते. जोड खाली करून हलकेच दाबा, होडीसारखा आकार येतो.

६. फडक्याखाली १५-२० मिनिटे पुन्हा फुगू द्या.

७. तेल मध्यम तापवा, साधारण १७० ते १७५ अंश. पिठाचा छोटा गोळा टाकल्यावर तो भोवती बुडबुडे सोडत सावकाश वर आला पाहिजे. पिरोश्की शिवण खाली ठेवून सोडा, म्हणजे जोड लगेच पक्का होतो. प्रत्येक बाजू दोन ते तीन मिनिटे तळा. एका घाण्यात तीन-चारच सोडा.

ओव्हन नसेल तर?

रशियातही घरोघरी पिरोश्की तव्यावर होते. जाड तव्यात किंवा पसरट कढईत बोटाच्या पेराहून कमी तेल घ्या, झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. तेल कमी लागते आणि पीठ आतपर्यंत शिजते.

भाजलेलीच हवी असेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात मिठाचा थर द्या, त्यावर तिवई ठेवा, झाकण लावून पंधरा मिनिटे तापवा. तेल लावलेल्या ताटलीत पिरोश्की मांडून वरून दुधाचा हात लावा आणि २५ मिनिटे झाकून भाजा. वरचा रंग ओव्हनसारखा येत नाही, त्यामुळे शेवटी तव्यावर अर्धा मिनिट उलटी ठेवा. या कामासाठी नॉनस्टिक भांडे वापरू नका. ते कोरडे तापवण्यासाठी नसते.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर २० ते २५ मिनिटे पुरतात. बाहेर काढल्यावर स्वच्छ फडक्याखाली दहा मिनिटे झाकून ठेवा. वरची साल मऊ राहते.

यीस्ट मिळाले नाही तर?

इथे घरातले दही कामाला येते. रशियात ‘केफिर’ नावाचे आंबट, ताकासारखे दूध असते. त्यात खायचा सोडा घालून झटपट पिरोश्की करण्याची पद्धत तिकडे रूढ आहे. २५० मिली आंबट, दाट ताकात अर्धा छोटा चमचा सोडा, तेवढेच मीठ, चमचाभर साखर आणि दोन मोठे चमचे तेल घाला. त्यात मावेल तसे ३५० ग्रॅमच्या आसपास पीठ मिसळून मऊ उंडा करा. अर्धा तास झाकून ठेवा आणि भरून तळा.

ताक आंबटच हवे. आम्ल आणि सोडा यांची प्रक्रिया होऊन वायू तयार होतो. ताक गोड असेल तर सोडा तसाच राहतो आणि साबणासारखी चव येते. ही पिरोश्की गरम असतानाच चांगली लागते. यीस्टची दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

मे महिन्यात आणि डिसेंबरात वेगळे काय?

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. रशियन कृतीत ‘उबदार जागी एक-दीड तास ठेवा’ असे लिहिलेले असते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरच उबदार नव्हे, तापलेले असते. तेच पीठ पाऊण तासात दुप्पट होऊ शकते आणि लक्ष नसले तर आंबूस होते. उन्हाळ्यात यीस्ट निम्मे करा आणि दूध कोमट न घेता गार घ्या. थंडीत मात्र दोन तासही लागू शकतात. तेव्हा पातेले गरम पाण्याच्या भांड्याशेजारी झाकून ठेवा.

टिकण्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बटाटा, अंडी किंवा खिमा भरलेला शिजलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य निकष आहे. सकाळी केलेली अंड्याची पिरोश्की उन्हाळ्यात दुपारच्या डब्यात देणे म्हणूनच टाळावे. डब्यासाठी हवीच असेल तर मुरंब्याची किंवा गूळ-खोबऱ्याच्या कोरड्या सारणाची करा.

नेहमी चुकते कुठे?

• बाहेरून काळपट, आत कच्ची: तेल फार तापले होते.
• तेलकट: तेल पुरेसे तापले नव्हते किंवा एका घाण्यात जास्त सोडल्या.
• तळताना फुटली: सारण ओले होते, गरम होते किंवा कडेला तेल लागल्याने जोड चिकटला नाही.
• दडस: पीठ घट्ट मळले किंवा दुसऱ्यांदा फुगू दिले नाही.
• यीस्टचा वास: यीस्ट जास्त झाले किंवा पीठ प्रमाणापेक्षा जास्त आंबले.

रशियात विकत घेताना आतले सारण कसे ओळखाल?

दुकानातल्या पाटीवर ‘पिरोझोक’ या शब्दानंतर ‘स’ हे अक्षर येते. त्याचा अर्थ ‘सह’. त्यापुढचा शब्द म्हणजे सारण. तिकडे नव्याने गेलेल्या विद्यार्थ्यांनी हे शब्द ध्यानात ठेवावेत:

• स कार्तोश्कोय: बटाटा
• स कापुस्तोय: कोबी
• स ग्रिबामी: मशरूम
• स याब्लकम: सफरचंद
• स म्यासम: मांस
• स पेचन्यू: काळीज
• स रीबोय: मासे

मांसातही गव्यादिना म्हणजे गोमांस, स्विनिना म्हणजे डुकराचे मांस आणि कूरित्सा म्हणजे कोंबडी. नुसते ‘म्यासम’ लिहिलेले असेल तर कोणते, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘बेझ म्यासा’ म्हणजे मांसाशिवाय.

आणखी एक शब्द उपयोगाचा: ‘पोस्नी’. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या काळात मिळणाऱ्या या पदार्थांत मांस, दूध आणि अंडे नसते. मासे नाहीत ना, एवढे मात्र विचारावे. बटाट्याच्या पिरोश्कीतही पिठात अंडे असू शकते आणि मांसाची व बटाट्याची पिरोश्की एकाच तेलात तळलेली असू शकते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात स्वतः केलेली बरी. वर दिलेली कृती तव्यावरची आहे, ती तिथेही चालेल.

हा प्रवास नवा नाही

पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला आणि पुढे बहामनी राजधानी बिदरला गेला. इथले लोक घोड्यांना खिचडी खाऊ घालतात, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवली. परतीच्या वाटेवर, घरी पोहोचण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. त्याचे गाव त्वेर. आज त्याच त्वेर शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठात भारतीय विद्यार्थी शिकतात.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ साठे सोव्हिएत रशियात गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक मराठीला मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यांच्या वेळी घरच्यांना प्रवासाची हकिकत लगेच कळत नसे. आता मुलाच्या ताटात काय आहे ते त्याच क्षणी पडद्यावर दिसते, फक्त त्याच्या पोटात काय भरले आहे ते दिसत नाही.

पुढच्या कॉलवर ‘पिरोश्की खाल्ली’ असे उत्तर आले, तर सोनपेठच्या आईला आता पुढचा प्रश्न विचारता येईल: ‘स कार्तोश्कोय की स म्यासम?’